हिरव्या आडोशासाठी घाई नको

रो-हाऊसच्या पुढ्यात दहा-पंधरा फुटांची बाग असते आणि समोरच्या गॅलरीतून ती सगळी दिसते. मग नर्सरीत पहिला प्रश्न येतो, ‘लवकर वाढणारं काय आहे?’ अलीकडे त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे कोनोकार्पस. ते भराभर उंच होतं, बारमाही हिरवं राहतं, कमी पाण्यावर तगतं. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, ती परागकणांमुळे होणारा दमा-ॲलर्जीचा त्रास आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांत व केबलींत घुसणारी मुळं ही कारणं देऊन. ती गंभीर आहेतच. पण माझा आक्षेप त्याहून मूलभूत आहे. लहान बागेतल्या कुंपणासाठी वाढीचा वेग ही कसोटीच चुकीची आहे.

आडोसा होतो तो फांद्यांच्या दाटीने, आणि ही दाटी येते कुठून ते पाहायला हवं. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खोडातून खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना फुटू देत नाही. थिमान आणि स्कूग यांनी 1933 मध्ये बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापून तिथे ऑक्सिन लावलं, तेव्हा शेंडा नसतानाही डोळे दबूनच राहिले. माळी शेंडा खुडतो तेव्हा हाच दबाव काढून घेत असतो. आता झपाट्याने वाढणाऱ्या झुडपात दोन पेरांमधलं अंतर जास्त, म्हणजे फूटभर फांदीवर डोळेच कमी. शिवाय वरचा भाग लवकर पसरतो आणि खालच्या पानांवर सावली पडते. पान जेवढं खातं तेवढं कमवेनासं झालं की झाड ते टाकून देतं. वर हिरवागार झुपका आणि खाली उघडे सोट, अशी कुंपणं आपण सगळीकडे पाहतो. सदाहरित झाडही पानं गाळतंच, फक्त एकदम गाळत नाही. जाड, चिवट पान बनवायला खर्च जास्त येतो, त्याची कमाई सावकाश होते, पण ते दीर्घकाळ टिकतं. सावकाश वाढ आणि टिकाऊ पालवी अशा एकाच व्यवहारातून येतात, म्हणून वेग आणि टिकाऊपणा हे दोन्ही लाभ पुरेपूर मिळतील अशी अपेक्षा झाडाकडून करता येत नाही.

या हिशेबात महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत मला कुंती उजवी वाटते. पानं लहान आणि दाट, अर्धी सावली चालते, छाटणी कितीही सोसते, फुलांना सुगंध. एक अपवाद मात्र ठाम आहे. कुंती लिंबू-संत्र्याच्याच कुळातली असून संत्र्यावरचा ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सिला ही कीड तिच्यावर पोसते. काटोल, वरुड, मोर्शीच्या संत्रापट्ट्यात ती लावूच नये. तिथे अडुळसा घ्यावा. फांदीवरून येतो, गुरं तोंड लावत नाहीत, उघडा पडला तरी खोलवर छाटल्यावर पुन्हा फुटतो. कोकणात पेंटगूळ मूळचीच आहे. जागा थोडी जास्त असेल तर करवंद काट्यांसकट उत्तम. लहान मुलं असलेल्या घरी कण्हेर टाळावी, तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. ड्युरांटाची पिवळी फळंही तशीच.

‘पण तोवर दोन-तीन वर्षं उघड्यावर बसायचं का?’ हा आक्षेप रास्त आहे. तेवढ्यापुरता बांबूचा तट्ट्या किंवा जाळीवर चढवलेली वेल पुरते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, लागणारी उंची आपण उगाच वाढवून धरतो. समजा, तुम्ही खुर्चीवर बसला आहात, डोकं जमिनीपासून 4 फुटांवर, आणि 30 फुटांवरच्या गॅलरीतल्या माणसाचे डोळे 16 फुटांवर. कुंपण तुमच्यापासून 15 फुटांवर असेल तर ते 10 फूट उंच लागेल. तेच 5 फुटांवर लावलं तर 6 फूट पुरेल. म्हणजे सगळी हद्द उंच करण्यापेक्षा बसायच्या जागेलगत चार-पाच झुडपं लावणं शहाणपणाचं, आणि सहा फुटांसाठी सावकाश वाढणारं झाडही पुरेसं आहे. नियमित छाटलेलं कोनोकार्पसही दाट राहतं, असं कुणी म्हणेल. ते खरं आहे. पण एका पावसाळ्यात छाटणी राहून गेली की ते हाताबाहेर जातं, आणि वेगाने वाढणाऱ्या झाडाची छाटणी संपत नाही.

एकाच जातीची सलग रांग दिसते सुरेख, पण एखादी कीड शिरली तर सगळा आडोसा एकदम जातो. म्हणून दोन-तीन जाती मिसळून लावा. जूनमध्ये पाऊस जमिनीत मुरला की दोन-दोन फुटांवर रोपं लावा आणि ती हातभर झाली की शेंडे खुडायला सुरुवात करा, जीव कितीही वरखाली झाला तरी. पुढे छाटताना माथा पायथ्यापेक्षा अरुंद ठेवा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळत राहील. नर्सरीत गेल्यावर विचारायचं ते एवढंच, की हे झाड तळापासून भरलेलं राहतं का.