नेत्रदानाचा स्टँडी कसा असावा? सर्वांत मोठं अक्षर ‘६ तास’चं

देशात दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा पाळला जातो. २०२५ मध्ये पुण्यातला अख्खा गणेशोत्सव (२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर) याच काळात आला. देखाव्यांसाठी रात्री उशिरापर्यंत फिरणारी गर्दी ही अशा मोहिमेसाठी मोठी संधी. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. त्यामुळे मंडपाच्या तोंडाशी उभा राहणारा पुठ्ठ्याचा स्टँडी हा सोपा पर्याय ठरतो. तो वाचला जावा आणि टिकावा, यासाठी काय लागतं?

मजकूर काय हवा?

नेत्रदान मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत व्हावं लागतं. हयातीत फॉर्म भरला असला, तरी घरच्यांनी नेत्रपेढीला फोन केला नाही तर दान होत नाही. म्हणून सर्वांत मोठ्या अक्षरात ‘६ तास’ आणि नेत्रपेढीचा नंबर हवा. मान्यवरांचे फोटो नव्हेत. त्याखाली तीन मुद्दे पुरतात:

- चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा मधुमेह असला तरी नेत्रदान करता येतं.
- चेहरा विद्रूप होत नाही.
- पथक येईपर्यंत पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या.

अक्षर किती मोठं?

ढोबळ नियम असा, की १ इंच उंचीचं अक्षर १० फुटांवरून आरामात वाचता येतं. रस्त्यापलीकडून, ३० फुटांवरून दिसायचं तर ३ इंच. देवनागरीत मात्रा, वेलांट्या वर आणि उकार खाली जागा घेतात. इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्या तर त्या एकमेकींत घुसतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर बिघडतो, म्हणून प्रेसला ‘कर्व्ह’ केलेली पीडीएफ द्यावी. छापण्याआधी नंबर एकदा लावून पाहावा.

वाऱ्याने पडू नये म्हणून?

पाच प्लाय पुठ्ठा घ्यावा आणि आतल्या नागमोडी नळ्या उभ्या ठेवाव्यात. त्या आडव्या असल्या, तर त्याच रेषेवर बोर्ड कमरेत मुडपतो.

५ फूट उंच, २ फूट रुंद स्टँडीवर ताशी २० किलोमीटरचा वारा सुमारे २ किलोचा धक्का देतो. बोर्डाचं स्वतःचं वजन जेमतेम किलोभर. मागचा पाय दीड फूट लांब असला, तरी तळाशी मधोमध ७ किलोंच्या आसपास वाळूची पिशवी लागते. नाहीतर तो मंडपाच्या बांबूला सुतळीने बांधावा.

पावसाचं काय?

पुठ्ठा पाणी शोषतो तो कापलेल्या कडांमधून, तेही तळापासून. कडांना टेप लावावी आणि स्टँडी विटांवर, छताखाली ठेवावा. प्लास्टिक लॅमिनेशनमुळे तो जास्त टिकतो, पण मग रद्दीत घेतला जाणं अवघड होतं. साधा पुठ्ठा विसर्जनानंतर टेप काढून ‘स्वच्छ’च्या कचरावेचकांकडे सुका कचरा म्हणून देता येतो.

शेवटची ओळ कोणती?

रात्री दोन वाजता कुणाच्या घरी मृत्यू झाला, तर स्टँडी समोर नसतो. म्हणून तळाशी एवढंच लिहावं: ‘या बोर्डाचा फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाका.’