फी नाही, पण खर्च आहे

परवा सोयाबीनच्या प्लॉटवर एका शेतकऱ्यानं बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, पोरगं इंजिनिअर झालं. आता जर्मनीला एम.एस.ला जातो म्हणतंय. एजंट सांगतो, तिथं फी नाही. मग वर आणि एक एकर विका म्हणतो, ते कशापायी?"

प्रश्न रास्त आहे. तिथल्या बहुतेक सरकारी तंत्र विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरं. पण सरसकट नाही. कार्ल्सरूहेला परदेशी विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो फी लागली. म्युनिकला २०२४ पासून नव्यांना एम.एस.ची ४ ते ६ हजार.

एकर लागतो तो व्हिसापायी. वर्षाचा राहण्या-खाण्याचा खर्च आधीच खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ११,९०४ युरो ठरला. म्हणजे ११-१२ लाख रुपये! ही रक्कम एजंटची नव्हे, पोराच्याच नावावर राहते. तिकडं गेल्यावर महिन्याला ९९२ युरो हाती येतात. घरभाडं, भाकरी त्यातच. दुसऱ्या वर्षाचं काय, हे एजंट सांगत नाही. वर्षात १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, पण काम मिळालं तर!

"मग बँकेत कर्जाचं विचारतो आधी," शेतकरी म्हणाला. सातबारा त्यानं परत पिशवीत घातला.