दोष गोळीचा की तापाचा?

हिवतापातून उठलेल्या माणसाला चक्कर आली, तोल गेला किंवा कानात गुणगुण सुरू झाली की ‘गोळ्या उष्ण पडल्या, डोक्यात गेल्या’ असे निदान घरोघरी होते, आणि आर्टेमिसिनिन गटातील औषधांबाबत तर या समजुतीला प्रयोगशाळेचा टेकूही दिला जातो. कुत्रे व उंदीर यांना याच गटातील, तेलात मिसळलेली आर्टिमेथर आणि आर्टिइथर ही औषधे मोठ्या मात्रेत अनेक दिवस स्नायूत टोचली असता त्यांच्या मस्तिष्कस्तंभातील, म्हणजे मेंदू व मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या भागातील, श्रवण आणि तोल सांभाळणाऱ्या पेशींना इजा झाली, हे खरे आहे. मात्र तेलातील औषध स्नायूतून दिवसेंदिवस झिरपत राहते, तर गोळीतील औषध काही तासांत रक्तातून ओसरते, आणि इजा औषध शरीरात किती काळ राहते यावरच अवलंबून असते, एवढा भाग सांगताना नेमका गाळला जातो. व्हिएतनाममध्ये तीव्र हिवतापाने दगावलेल्या रुग्णांचे मस्तिष्कस्तंभ तपासले गेले, तेव्हा आर्टिमेथर व क्विनीन हे हिवतापावरील जुने औषध घेतलेल्यांत औषधामुळे झालेल्या इजेचा फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

खरी अडचण रुग्णाचा तोल व श्रवण मोजण्याची आहे. पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहणे, टाचेला अंगठा लावत रेषेवरून चालणे आणि श्रवणमापन या चाचण्या औषधापूर्वी व नंतर घ्याव्या लागतात. पण १०३ अंश तापाने फणफणलेला माणूस पहिल्या दिवशी सरळ रेषेत चालणार तरी कसा? मोझांबिकमधील बांधकाम कामगारांच्या श्रवणात आर्टिमेथर-लुमेफँट्रिन या संयुक्त औषधानंतर घट झाल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले खरे, पण गोंगाटात राबणाऱ्यांच्या कानांचा हिशेब एकट्या औषधाच्या खात्यावर मांडता येत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थायलंड-म्यानमार सीमेवरील अभ्यासात हे औषध घेतलेल्या व न घेतलेल्या समवयस्कांच्या श्रवणात फरक दिसला नाही.

सगळी औषधे सारखीच निर्धोक, हा उलट टोकाचा गैरसमजही तितकाच चुकीचा आहे. मेफ्लोक्विन या हिवतापावरील दुसऱ्या औषधामुळे येणारी चक्कर, तोल जाणे व कानातील आवाज कायमचे राहू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये दिला असून, झटके किंवा मानसिक आजार असलेल्यांना ते प्रतिबंधासाठी देऊ नये, असे सांगितले आहे. क्विनीनमुळे कानात होणारा आवाज मात्र औषध थांबल्यावर बहुधा जातो. आणि चक्कर येते म्हणून व्हायवॅक्स हिवतापातील प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा क्रम मध्येच सोडला, तर यकृतात दडलेले परजीवी तसेच राहून ताप उलटू शकतो.