भारतात जायचंय? आधी कागद बघू या



तिश्रीचे सण आटोपले, पहिला पाऊस पडला, की आपल्या घराघरांतून भारताच्या गोष्टी निघू लागतात. कुणाच्या भाचीचं ठाण्याला लग्न असतं. कुणाला नवगावच्या कबरस्तानात जाऊन यायचं असतं. कुणाला नातवंडांना अलिबागचं सिनेगॉग आणि खंडाळ्याचा एलियाहू हानाबीचा टाप दाखवायचा असतो. मग क्लबात चहा पिता पिता एक प्रश्न हमखास येतो, "अहो बाई, माझा जन्म डोंगरीतला, शाळा भायखळ्याची. मला कशाला व्हिसा?"

उत्तर सरळ आहे. लागतो. जन्म डोंगरीतला असला तरी लागतो. का लागतो, कुठला घ्यावा, आणि घरातले जुने कागद आजच का शोधावेत, हे आम्ही जमेल तेवढं सोपं करून सांगतो. आजी-आजोबांनी वाचावं, आणि नातवंडांना वाचून दाखवावं.

पासपोर्ट वेगळा, व्हिसा वेगळा

मुलांनो, पासपोर्ट आपला देश देतो. "हा माणूस आमचा आहे," असं त्यात लिहिलेलं असतं. व्हिसा मात्र ज्या देशात जायचं तो देश देतो. "ठीक आहे, आमच्याकडे या, इतके दिवस राहा, अमुक कामासाठी या," असं तो सांगतो. लॅटिन भाषेत 'व्हिसा' या शब्दाचा अर्थ 'पाहिलेला' असा आहे, म्हणजे तपासून पाहिलेला कागद. हा कागद हातात असला तरी विमानतळावरचा अधिकारी पुन्हा विचारपूस करतो, आणि आत सोडायचं की नाही हे तोच ठरवतो.

आता मोठ्यांसाठी. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे, आपखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं नागरिकत्व संपतं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. आपण अलिया केली, इस्रायलचे नागरिक झालो, आणि तिथल्या कायद्याच्या दृष्टीने परदेशी झालो. मनाला हे लागतं, पण कायदा मनाचं बघत नाही. जुना भारतीय पासपोर्ट पेटीत पडून असेल तर तो घेऊन प्रवासाला निघू नका, तो गुन्हा ठरतो. तो वकिलातीत परत करायचा आणि त्याचं सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. देण्यापूर्वी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवा. ती पुढे नातवंडांच्या कामाला येते. कशी, ते खाली सांगतो.

आम्ही इथे आलो तेव्हा तेल अवीवमध्ये भारताची वकिलात नव्हती. भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली होती, पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळले २९ जानेवारी १९९२ रोजी. आज वकिलात आहे, घरबसल्या अर्ज करता येतो. सोय झाली आहे, तिचा नीट उपयोग करायला हवा.

पहिला रस्ता: ई-व्हिसा

भारताने ही संगणकावरची सोय २७ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू केली, आणि पहिल्याच यादीत इस्रायल होतं. पर्यटनाचा ई-व्हिसा ३० दिवसांचा, १ वर्षाचा आणि ५ वर्षांचा असतो. नातेवाइकांना भेटणं त्यातच येतं.

पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

पासपोर्ट भारतात पोचल्यापासून निदान ६ महिने चालणारा हवा आणि त्यात २ कोरी पानं हवीत. पाच महिने उरलेत म्हणून चालेल असं समजू नका.

अर्ज निघण्याच्या निदान ४ दिवस आधी करायचा असतो. आम्ही म्हणू, तीन आठवडे आधी करा. घाईत चुका होतात. मात्र ३० दिवसांच्या व्हिसाचा अर्ज पोचण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी करता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

३० दिवसांच्या व्हिसाच्या पत्रावर जी शेवटची तारीख असते, तिच्या आत भारतात पोचायचं असतं. राहण्याचे ३० दिवस पोचल्या दिवसापासून मोजतात. १ वर्षाचा आणि ५ वर्षांचा व्हिसा मात्र मंजूर झाल्या तारखेपासूनच चालू होतो. पुष्कळ मंडळी इथेच गोंधळतात.

फी परत मिळत नाही. अर्ज मंजूर झाल्याचं पत्र छापून बरोबर ठेवा. मोबाईलमध्ये आहे म्हणून स्वस्थ बसू नका, बॅटरी ऐन वेळी संपते.

गुडघ्याची किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया मुंबईत करून घ्यायची असेल, तर पर्यटनाचा व्हिसा घेऊ नका. त्यासाठी वैद्यकीय व्हिसा वेगळा असतो, आणि सोबत येणाऱ्याचाही वेगळा.

आणखी एक. १ ऑक्टोबर २०२५ पासून भारतात येणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी ई-अरायव्हल कार्ड सुरू झालं आहे. पोचण्यापूर्वीच्या ७२ तासांत ते संगणकावर भरायचं असतं. त्याला पैसे पडत नाहीत, आणि तो व्हिसा नव्हे.

नाव, नाव आणि नाव

हॉस्पिटलात आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, औषधाचं लेबल तीनदा वाचायचं. बाटली कपाटातून काढताना, औषध ओतताना, आणि बाटली परत ठेवताना. व्हिसाच्या अर्जाचंही तसंच करावं. पासपोर्टचा नंबर, जन्मतारीख आणि नाव, तिन्ही तीनदा वाचा. एकदा स्वतः, एकदा दुसऱ्या कुणाकडून, आणि एकदा पैसे भरण्यापूर्वी.

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. त्यांचा भाऊ ठाण्याला आजारी पडला. घाईघाईत ओळखीच्या एका मुलाने अर्ज भरून दिला, तोही सरकारी नसलेल्या, पण तशाच दिसणाऱ्या एका साईटवर. तिप्पट पैसे गेले. पत्र आलं, सगळ्यांना हायसं वाटलं. पण विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी पत्र आणि पासपोर्ट शेजारी शेजारी धरले, तर नंबरात एक आकडा चुकलेला. मावशींना विमानात चढू दिलं नाही. नवा अर्ज, नवं तिकीट. मावशी ठाण्याला पोचल्या तेव्हा भावाची शिवा उठली होती. एका आकड्याने भावाचं शेवटचं दर्शन चुकलं. यात दोष कुणाला द्यायचा? आपल्यापुरता धडा घ्यावा.

म्हणून सांगतो, सरकारी साईटच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट आयएन' अशी अक्षरं असतात. ती नसतील तर पैसे भरू नका. संगणकावर वर वर येणारी साईट सरकारीच असते असं नाही.

आपल्या लोकांची नावांची अडचण तर मोठीच आहे. शाळेच्या दाखल्यावर सॅम्युएल, तेऊदात झेहूतवर श्मुएल. तिथे आडनाव पेणकर, इथे मुलांनी हिब्रू आडनाव घेतलेलं. बाईमाणसांचं लग्नाआधीचं नाव वेगळं, नंतरचं वेगळं. अर्जात "पूर्वी दुसरं नाव होतं का?" असा प्रश्न असतो. तिथे लाजू नका, लपवू नका, जुनं नाव लिहा. नाव बदलल्याचा दाखला मिसराद हापनिममधून घेऊन ठेवा.

दुसरा प्रश्न पाकिस्तानचा. "आई-वडील, आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते का, तिथल्या भागातले होते का?" असं विचारलेलं असतं. आपल्यातल्या काही घराण्यांचं मूळ कराचीत आहे. तिथे १८९३ मध्ये बांधलेलं मागेन शालोम सिनेगॉग होतं. फाळणीनंतर पुष्कळ मंडळी मुंबईला आली. ज्यांच्या घरात ही कहाणी आहे त्यांनी खरं तेच लिहावं. पाकिस्तानी मूळ असलेल्यांना ई-व्हिसा मिळत नाही, त्यांनी वकिलातीतून नेहमीचा व्हिसा घ्यायचा असतो. आधी वकिलातीत जाऊन विचारा, मग तिकीट काढा.

दुसरा रस्ता: ओसीआय कार्ड

वरचेवर जाणार असाल, किंवा चार-सहा महिने राहणार असाल, तर ओसीआय कार्डाचा विचार करा. नागरिकत्व कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर ही योजना आताच्या रूपात सुरू झाली. नावात 'सिटिझन' शब्द असला तरी हे नागरिकत्व नव्हे. हा जन्मभराचा, कितीही वेळा ये-जा करता येणारा व्हिसा आहे असं समजा. मतदान करता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. कोकणात नारळीची वाडी घ्यायची स्वप्नं पाहणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं!

हे कार्ड कुणाला मिळतं? जो २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर भारताचा नागरिक होता, किंवा त्या दिवशी नागरिक व्हायला पात्र होता, त्याला. आणि त्याच्या मुलाला, नातवाला, पणतवालाही. मोरोक्कन सून असली तरी तिला मिळू शकतं, पण नवऱ्याकडे कार्ड हवं, लग्नाची नोंद हवी आणि लग्नाला निदान २ वर्षं झालेली हवीत. ज्यांचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजोबा पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक होते, त्यांना मात्र मिळत नाही.

सैन्याचं काय? परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय देत नाहीत, असा नियम आहे. आपल्याकडे तर मुलगा असो की मुलगी, अठराव्या वर्षी सैन्यात जावंच लागतं. त्यामुळे आपल्या मुलांची अडचण होत असे. ५ जुलै २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेल अवीवच्या सभेत जाहीर केलं, की सक्तीची लष्करी सेवा केलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही कार्ड मिळेल. त्या दिवशी सभागृहात टाळ्या थांबत नव्हत्या. सैन्यात कायम नोकरी, म्हणजे 'केवा' केलेल्यांनी मात्र अर्जापूर्वी वकिलातीत विचारावं.

जुनं पीआयओ कार्ड असलेल्यांनी ध्यानात घ्यावं, की ती योजना ९ जानेवारी २०१५ रोजी ओसीआयमध्ये विलीन झाली. जुनं कार्ड घेऊन तसेच विमानतळावर जाऊ नका.

पासपोर्ट नवा झाला की कार्डही नवं करावं लागतं का? हा नियम २०२१ मध्ये सोपा झाला. विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टच्या वेळी, आणि पन्नाशी पूर्ण झाल्यावर एकदा, नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो तीन महिन्यांच्या आत संगणकावर चढवायचा असतो. त्याला फी नाही. लहानपणी कार्ड काढलेल्यांना वीस पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट आला की एकदा कार्ड बदलून घ्यावं लागतं. जुना पासपोर्ट बरोबर नेण्याची सक्तीही २०२१ पासून उठली.

पेटी उघडा

आता मुद्द्याची गोष्ट. नातवाला कार्ड हवं, तर आजोबा भारताचे होते हे कागदावर दाखवावं लागतं. मग आजोबांपासून मुलापर्यंत, मुलापासून नातवापर्यंत, प्रत्येक पायरीला जन्माचा दाखला लागतो. घरात मराठी बोलतो, मलिदा करतो, शनिवारी दिवा लावत नाही, एवढ्याने अधिकाऱ्याचं समाधान होत नाही. त्याला कागद लागतो, आणि कागद आपल्या पिढीकडे आहेत. आपण गेलो की मुलं पेटी उघडतील, मराठी अक्षरं वाचता येणार नाहीत, आणि जुने कागद म्हणून टाकून देतील. मग इथे जन्मलेला पणतू खंडाळ्याला जाईल तो फक्त पर्यटक म्हणून.

तेव्हा एक दुपार काढा, नातवंडांना जवळ बसवा आणि हे शोधा: जुना भारतीय पासपोर्ट किंवा त्याची प्रत, महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला, सर एली कदूरी किंवा ज्या शाळेत शिकलात तिथला शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा दाखला आणि केतुबा, इथल्या तेऊदात झेहूतची प्रत, मुलांची तेऊदात लेदा. हिब्रू कागदांचं इंग्रजी भाषांतर नोटरीकडून करून ठेवा. प्रत्येक मराठी कागदावर पेन्सिलीने हिब्रूत लिहा, हा कुणाचा आणि कशाचा. मुलांनो, हे लिहिण्याचं काम तुमचं. आजोबांना विचारा, वाचता येत नसेल ते त्यांच्याकडून वाचून घ्या.

निघताना

औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत हवी, औषधाच्या मूळ नावासकट. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे विसरू नये.

तिथे नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांना आधी सांगा, की परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांत सरकारला कळवणं घरमालकाचं काम आहे. "आपलाच तर मामा," म्हणून सोडून देऊ नये. व्हिसावर गेलात आणि १८० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावं लागतं. मुदत संपल्यावर एक दिवसही जास्त राहू नका, दंड होतो आणि पुढच्या व्हिसाला अडथळा येतो.

नियम बदलत असतात. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी वकिलातीत किंवा सरकारी साईटवर एकदा पाहून घ्या. आधी पासपोर्टची तारीख, मग व्हिसा, मग तिकीट, हा क्रम सोडू नका.

सर्वांचा प्रवास सुखाचा होवो. नवगावला गेलात तर आमच्याही नावाने कबरीवर एक दगड ठेवून या.