आईची मजुरी कुठे गेली?

परवा बारावीच्या वर्गात फळ्यावर ‘संधी खर्च’ असा शब्द लिहिला आणि मुलींचे चेहरे कोरेच राहिले! म्हटलं, “पुस्तकं मिटा. आपल्या वसई-आगाशीची सुकेळी आठवा.”

पिकलेली राजेळी केळी सोलायची, उन्हात वाळत घालायची, उलटायची, संध्याकाळी आत घ्यायची. असं कितीतरी दिवस. एका मुलीची आई सुकेळी करून विकते. तिला विचारलं, “फायदा किती?” तिने मांडलं: समजा केळी ४०० रुपयांची, विक्री १००० ची. फायदा ६००.

“आणि आईने घातलेला वेळ?”

“तो फुकटच की, बाई! ती घरीच असते.”

मैत्रिणींनो, आपलं गणित चुकतं ते इथेच. तेवढ्याच वेळात शिवणकाम करून आईला ७०० रुपये मिळाले असते, तर हातचे गेलेले ते ७०० म्हणजे संधी खर्च. तो धरला की १०० रुपयांचा तोटाच!

“मग भाव वाढवला तर गिऱ्हाईक जाईल ना?” दुसरीने विचारलं. थोडं जाईल, हा मागणीचा नियमच आहे. पण ज्याला सुकेळीच हवी, तो साध्या केळ्यांवर समाधान मानत नाही. अशा मालाची मागणी भाव वाढला तरी फारशी घटत नाही. तिला म्हणतात कमी लवचीक मागणी.

तास संपताना त्या मुलीने वहीत एक ओळ वाढवली: ‘आईची मजुरी’. आपल्या हिशेबाच्या वहीत ती ओळ आहे का, बघा बरं!