जुन्या वस्त्रांवरील डाग : द्रव्यविचार आणि शब्दविचार

करमाड हे छत्रपती संभाजीनगर-जालना मार्गावरील गाव. हिमरूसाठी ख्यात असलेले संभाजीनगर त्याच्या पश्चिमेस जवळच आहे, आणि पैठणीला ज्याने नाव दिले ते पैठणही त्याच जिल्ह्यात. या टापूतील एखाद्या जुन्या घरी लोखंडी पेटीतून आजेसासूची पैठणी किंवा हिमरूची शाल निघावी यात नवल नाही. ती निघते तेव्हा तिच्यावर हळदीचा, तेलाचा किंवा खुद्द पेटीच्याच गंजाचा डाग बहुधा असतोच. तो काढण्याच्या नादात पुष्कळदा वस्त्रच हातचे जाते. कारण डाग कशाचा हे सर्व जण पाहतात, वस्त्र कशाचे हे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

वास्तविक हा विवेक आपल्याकडे जुना आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील द्रव्यशुद्धिप्रकरणात (5.120) वस्त्रागणिक निराळे शोधनद्रव्य सांगितले आहे : रेशीम व लोकर यांना ऊष म्हणजे खारी माती, कुतप नामक कांबळ्यांना अरिष्टक, अंशुपट्टांना बेलफळ आणि क्षौमाला पांढरी मोहरी. यांतील अरिष्टक म्हणजेच आपला रिठा. आद्य अकाराचा लोप होऊन हे रूप सिद्ध झाले. वर्गीकरणाचे तत्त्व निर्दोष आहे. रेशमाला खारी माती ही योजना मात्र आजच्या रसायनशास्त्राला मान्य होण्यासारखी नाही. रेशीम व लोकर हे प्रथिनांचे तंतू असून क्षाराने ते झिजतात. कापूस सेल्युलोजचा; तो क्षार बराच सोसतो, पण आम्लाने दुबळा होतो. परटाच्या भट्टीत खाराने सुती धोतर उजळे, त्याच भट्टीत पैठणी घालणे हा घातच. कपडे पांढरे करण्याचे क्लोरीनयुक्त द्रव तर रेशमाला अक्षरशः विरघळवितात.

रेशमाला त्यातल्या त्यात मानवणारे द्रव्य म्हणजे रिठाच. त्यातील सॅपोनिनांना फेस येतो, पण साबणासारखी अल्कता त्यांत नसते. शिवाय काळ्या पाषाणाच्या या प्रदेशात विहिरींचे पाणी बहुधा दुष्फेन. अशा पाण्यात साबणाचा चुनखडी साका धाग्यांत बसतो, रिठ्याचा तसा बसत नाही. बी काढून टरफले कोमट पाण्यात रात्रभर भिजवावीत व ते पाणी वस्त्रातून गाळून घ्यावे. त्याला स्वतःचा तपकिरी रंग असल्यामुळे फिक्या वस्त्रावर ते जपून व विरळ करूनच वापरावे. तत्पूर्वी आतल्या शिवणीवर ओली पांढरी चिंधी दाबून रंग उतरतो का हे पाहावे; उतरत असेल तर पाण्याचे नाव काढू नये.

हळदीच्या डागाची कथा विशेष बोधक आहे. साबण लागताच तो पिवळ्याचा तांबडा होतो आणि गृहिणी घाबरते. हळदीतील कर्क्युमिन क्षारात तांबडे होते, एवढाच त्याचा अर्थ. हळदीला चुन्याचा संस्कार देऊन कुंकू करतात तेही याच गुणावर. हा रंग उन्हात विटतो, म्हणून सुती कापड धुऊन उन्हात टाकण्याची घरगुती रीत योग्यच आहे. रेशमाला मात्र ऊन डागाहून अधिक बाधते.

गंजाला लिंबू आणि मीठ लावतात. लिंबातील आम्ल लोहाला बांधून विद्राव्य करते, त्यामुळे भक्कम सुती वस्त्रावर, लगेच भरपूर पाण्याने धुतल्यास, हा उपाय चालतो. जरीजवळ तो कदापि करू नये. जुनी जर ही रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार असते. तिच्यावरील काळेपणा हा मळ नसून चांदीचा गंधकाशी झालेला संयोग आहे; तो घासताना आधी जाते ते सोने.

‘डाग’ हा शब्द फारसीतून आला. तिथे त्याला भाजल्याची खूण असाही अर्थ आहे, आणि मराठीत ‘डागणे’, ‘डागणी’ या रूपांत तो टिकून आहे. न निघणारी खूण ही कल्पना अशी शब्दातच आहे. गंमत अशी की, ज्याचा व्यवसायच डाग काढण्याचा, तो परीट स्वतः एक डाग बुद्ध्या घालीत असे. बिब्ब्याचा रस आणि चुना यांनी कापडाच्या कोपऱ्यावर घराघराची खूण केली जाई. इंग्रजीत या फळाला ‘मार्किंग नट’ हे नाव त्यावरूनच पडले. हा रस हवेने काळा पडतो, चुन्याने पक्का होतो, आणि कोणत्याही धुण्याला दाद देत नाही. त्वचेला मात्र तो फोड आणतो.

ठिपके, रेघा, फुल्या यांची ही खूण निरक्षर परटाची लेखनपद्धतीच म्हणावी लागेल. वस्त्र कोणत्या घरचे याचा तो कित्येकदा एकमेव पुरावा असतो. तेव्हा जुन्या सुती वस्त्राच्या कोपऱ्यावरील काळा ठिपका काढू पाहण्याआधी, घडी पूर्ण उलगडून, त्याची आकृती कागदावर उतरवून घ्यावी.