देवाचे खरेखोटे करण्याआधी

दैवतांचे अभ्यासक रा. चिं. ढेरे 1 जुलै 2016 रोजी गेले. त्यानंतर दैवतांकडे समाजाच्या अंगाने पाहण्याची त्यांची वाट ओस पडली. आता दोनच फडांची चलती आहे: एकाच्या भावना दुखावतात, दुसऱ्याला सगळीच अंधश्रद्धा वाटते. ढेऱ्यांच्या वाटेचा पाया इतिहासकार कोसंबींनी 1962च्या 'मिथ अँड रिअॅलिटी'त घातला होता. पुढच्या काळातले बरेचसे दैवतलेखन मात्र पोथ्यांच्या पानांत अडकले. बहर आला तो ऐंशीच्या दशकात. 1984 साली ढेऱ्यांचे 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' आले आणि विठोबाचा माग पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवापर्यंत, धनगर-गवळ्यांच्या दैवतापर्यंत पोचला. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांचा बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवरचा 1976चा जर्मन ग्रंथ 1989 साली इंग्रजीत आला. धनगरांच्या ओव्यांना त्यांनी पुराणांइतकेच वजन दिले. ग्रंथात नाही ते खरे नाही, असे मानणाऱ्या पंडितीला हे उत्तर होते.

या ओव्यांतला खंडोबाच पाहा. त्याच्या दोन बायका: म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. बाणाईसाठी देव मेंढ्या राखतो आणि गाण्यांतून दोन्ही बायका कडाकडा भांडतात. धनगर शेतात मेंढरे बसवतो, शेतकऱ्याला लेंडीखत मिळते, धनगराला धान्य. मेंढरू उभ्या पिकात शिरले की तंटा ठरलेला. गाव आणि रान यांची ही गरज आणि कुरबुर लोकांनी देवाच्या संसारात पाहिली. त्यांच्या लेखी जग असेच, नात्यांचे बनलेले होते. यावर भाविक म्हणेल, देवाचे मूळ उकरून श्रद्धा बाटवली. पण ढेऱ्यांच्या ग्रंथानंतरही पंढरीची वाट भरलेलीच राहिली. सुधारकांचा आक्षेप अधिक धारदार आहे: अशा समजुतीने मुरळी सोडण्यासारख्या, म्हणजे मुलगी खंडोबाला वाहण्याच्या, प्रथेला प्रतिष्ठा मिळते. तो धोका खराच, आणि रानाच्या कौतुकात कधीकधी जातीची उतरंड झाकली गेली हेही कबूल करायला हवे. तरी समजून घेणे म्हणजे पाठराखण नव्हे. नवसाने बांधलेले घर पोर कोणत्या भीतीपोटी देवाला वाहते, हे न कळता केलेला कायदा गुन्हेगार पकडतो. भीती मात्र घरातच राहते. आजच्या दोन्ही फडांना ही चौकशी नको आहे, कारण तिच्यात लोकांचे आधी ऐकून घ्यावे लागते.